अकरा मीटर काळी माती

आमच्या परसातली सगळ्यांत मोठी भेग वैशाखात सात सेंटिमीटर रुंद व्हायची. नववीत असल्यापासून मी ती दर उन्हाळ्यात मोजत आले. सुरुवातीला कंपासपेटीतल्या पट्टीनं, नंतर चांगल्या मापकानं. खोली बघायला तुराटी आत सोडायची. ती मीटरभर जायची आणि मग तिरकी होऊन अडकायची. यंदा वैशाख पौर्णिमेला मी त्याच जागी बसले. भेग नव्हती, केसाएवढीसुद्धा नव्हती. मातीवर पांढुरकी खरखरीत साय धरली होती आणि तिच्यात नख रुतत नव्हतं.

काळ्या मातीला भेग नाही म्हणजे काय, हे कुणाही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. या मातीतलं खनिज वहीच्या पानांसारखं पापुद्र्यापापुद्र्यांचं असतं. पावसात पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, माती आक्रसते, फाटते. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पुढच्या पावसात खालची वर ढकलली जाते. अशी ती वर्षानुवर्षं स्वतःला नांगरत राहते. शेताला हे वरदान आहे. घराला शाप.

म्हणून आमच्याकडची जुनी गावं काळीवर वसलेली नाहीत. शेत काळीत, घर पांढरीत, म्हणजे न फुगणाऱ्या पांढऱ्या मातीत. आमची कवठाळीही पांढरीवरच होती. धरणाचं पाणी आलं तेव्हा पांढरी बुडाली आणि आम्हाला नवी कवठाळी मिळाली, कुणाच्या तरी विकत घेतलेल्या उसाच्या फडावर. नकाशात जमीन सपाट होती, रस्त्याला लागून होती. ज्यांनी आखणी केली त्यांना तेवढं पुरेसं होतं. दोनशे बारा घरं, प्रत्येक घरामागे संडास, सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा.

पहिल्याच पावसाळ्यात घरांना तडे गेले. आमच्या देवळीपासून निघालेला तडा तिसऱ्या वर्षी एवढा वाढला, की स्वयंपाकघरात उभं राहून अव्वा, म्हणजे माझी आई, शेजारच्या गुरुबाई मावशींशी भिंतीतून बोलायची. "दार कशाला पाहिजे गं आता," असं म्हणून दोघी हसायच्या. शोषखड्डे तर नावालाच होते. काळी एकदा फुगली की पाण्याचा थेंब आत घेत नाही. टाक्या तुंबायच्या. मग लोकांनी शोषखड्ड्यांना भोक पाडून नळी काढली आणि ते पाणी परसातल्या भाजीपाल्याला सोडलं. आमच्या वांग्यांची चव सगळ्या तालुक्यात नव्हती. मी मृदाशास्त्र शिकायला गेले ती या दोन गोष्टींमुळे, भिंतीतल्या तड्यामुळे आणि वांग्यांमुळे.

*

शिकून मी ज्या मृदा संशोधन संस्थेत लागले, तिथं ज्या जिवाणूवर काम चाललं होतं, त्याचं काम थोडक्यात सांगता येतं. तो युरिया खातो. युरिया फोडताना जे तयार होतं ते मातीतल्या कॅल्शियमला मिळालं की चुनखडी होते, आणि ती चुनखडी मातीच्या कणांना एकमेकांना चिकटवते. वाळूत हे पूर्वीच जमलं होतं. चिकणमातीत जागा इतकी अरुंद, की जिवाणूला शिरता येत नसे. आम्ही त्याचा लहान आणि चिवट वाण तयार केला. शिवाय काळी स्वतःच वर्षातून एकदा दार उघडते. ऐन वैशाखात, भेगा मीटरभर खोल असताना, घराच्या चारी बाजूंनी जिवाणूंचं पाणी, युरिया आणि कॅल्शियमचं मीठ ओतायचं. सहा आठवड्यांत पायाखालची माती फुगणं-आक्रसणं विसरते.

जिवाणू पसरणार नाहीत याची खात्री मीच दिली होती. दिलेला युरिया संपला की ते उपाशी मरतात, असं माझ्या तक्त्यांत स्वच्छ दिसत होतं. मी चाचणीचे नमुने घेतले होते ते वस्तीबाहेरच्या पडीक जमिनीतले. नियमाप्रमाणे, बाहेरचं काही न मिसळलेले.

गाव तयार नव्हतं. एकदा फसलेले लोक होते. अप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा सरपंच होते. मठाच्या ओट्यावर उभे राहून ते म्हणाले, "सरकारवर विश्वास ठेवू नका. माझ्यावरबी नका ठेवू. पर पोरगी आपल्या गावची हाय, ती आपल्याला बुडवंल का?" एका उन्हाळ्यात दोनशे बारा घरांना औषध दिलं. गाव त्याला औषधच म्हणायचं.

पुढचा पावसाळा गेला आणि एकाही भिंतीला नवा तडा गेला नाही. त्या दिवाळीला गावात सगळीकडे गिलावा चालू होता. माझा धाकटा भाऊ मल्लिनाथ यानं दोन वर्षांनी वरचा मजला चढवला. अव्वाच्या स्वयंपाकघरातली फट बुजली तेव्हा गुरुबाई मावशी म्हणाल्या, "आता मला चहाला दारातनं यावं लागंल की. लेक शिकून काय फायदा झाला आमचा?"

*

चौथ्या वर्षी अव्वाची वांगी खुरटली. कारल्याचा वेल पिवळा पडला. मग कढीपत्ता गेला. अव्वानं कीड म्हटलं, मी पाण्याचा दोष म्हटलं. भाद्रपदात मी पहिल्यांदा परसामागच्या पट्टीत तपासणीचे खुंट ठोकले. हातभर लांबीचे, जमिनीत राहून मातीचा ताठरपणा आणि अमोनिया दर तासाला माझ्या फोनवर पाठवणारे. आठ दिवसांत चित्र समोर आलं. औषध मेलं नव्हतं. ते पुढं चाललं होतं.

हिशेब मी एका संध्याकाळी प्रयोगशाळेत केला. इतका सोपा होता, की मी तीनदा केला. माणसाच्या लघवीतून दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम युरिया बाहेर पडतो. पाच माणसांच्या घरातून वर्षाला चाळीस किलो, म्हणजे जवळजवळ एक पोतं. दोनशे बारा घरं, टाकीतून नळीत, नळीतून परसात, दर वर्षी जवळजवळ दोनशे पोती. कॅल्शियम काळीत मुळातच आहे. जिवाणूंना मी उपाशी मारणार होते, आणि गावातला प्रत्येक माणूस रोज सकाळी उठून त्यांना जेवू घालत होता. मी या गावात वाढलेली. शोषखड्ड्याला भोक पाडून नळी काढताना अप्पांना कंदील धरला होता मी. तरी हे पाणी माझ्या तक्त्यात कुठंच नव्हतं.

परसांच्या मागे एक मोकळी पट्टी आहे. तिच्यापलीकडे बांध, बांधापलीकडे ऊस. उसाला एकरी चार-पाच पोती युरिया पडतो. औषधानं बांध ओलांडला तर त्याला आमची गरज उरणार नव्हती. शेतकरीच त्याला वाढवत नेणार होते, नदीपर्यंत. ज्या मातीला भेग पडत नाही तिच्यात मूळ उतरत नाही.

तेव्हा औषधाच्या कडेपासून बांध सव्वीस मीटरवर होता. त्या दिवशी गावातले सगळे संडास बंद केले असते, नळ्या तोडल्या असत्या, टाक्या उपसल्या असत्या, तर दोन उन्हाळ्यांत औषध मेलं असतं. हेही मी तीनदा तपासलं.

संस्थेच्या संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, "एका हंगामाच्या आकड्यांवर गावाला घाबरवू नका. आणखी एक हंगाम बघू." मला ते पटलं नाही. पण मी मान हलवली, कारण मला ते ऐकायचं होतं. अप्पांचं हृदय तेव्हा निकामी होत चाललं होतं. दर रविवारी मी घरी जायची. ते खाटेवरून भिंतीला हात लावायचे, तळहात सपाट ठेवून, आणि म्हणायचे, "बघ, हलंना." त्यांना मी सांगितलं नाही. पौषात ते गेले.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस जाळत नाहीत. बसलेल्या स्थितीत, विभूती आणि बेलपानं घालून जमिनीत ठेवतात, होईल तर स्वतःच्याच जमिनीत. विस्थापित झालेल्या गावाला स्वतःची जमीन लांब पडली, म्हणून परसांमागची ती मोकळी पट्टी दफनासाठी अप्पांनीच भांडून मिळवली होती. त्यांचा खड्डा गावातल्या नागप्पांनी खणला, गावातले सगळे खड्डे तेच खणतात. खणता खणता ते म्हणाले, "माती लई घट्ट लागायली नीलाताई."

मी म्हणाले, "थंडीनं असेल."

*

परवा गुरुबाई मावशी गेल्या. झोपेतच गेल्या. मी रात्रीच्या बसनं आले. सकाळी त्यांना आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, अंगणात पाटावर बसवलं होतं. भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या, चहाची वाट बघत असल्यासारख्या.

नागप्पा आणि दोघंजण पट्टीत गेले. अर्ध्या तासानं नागप्पा एकटेच परत आले. हातातला टिकाव त्यांनी मला दाखवला. टोक दुमडलं होतं.

"खडक लागलाय."

"जागा बदला," मल्लिनाथ म्हणाला.

"तीन जागा बदलल्या की रं. आन् हितं खडक कुठनं आला? पौषात तुझ्या अप्पाचा खड्डा मीच काढला, दहा हातांवर." ते मल्लिनाथशी बोलत होते, बघत माझ्याकडे होते.

दुपारी बाराला रस्त्याच्या कामावरून ब्रेकर आणला. खडी फोडायचा असतो तो. त्याचा आवाज गावभर गेला. प्रत्येक दणक्याला आमच्या मांडणीतली भांडी किणकिणत होती. अंगणात बायका पदरानं मावशींना वारा घालत होत्या. माळेतली बेलपानं सुकून वळली, ती काढून दुसरी घातली, तीही सुकली. भजन म्हणणारे दोनदा थांबले, कारण त्यांनाच आपला आवाज ऐकू येत नव्हता. चार वाजता खड्डा झाला. त्याच्या कडा कापलेल्या होत्या आणि आत पांढऱ्या रेघा चमकत होत्या. वर टाकायला माती नव्हती, ढेकळंही नव्हती, फक्त धारदार तुकडे. मठाच्या पुजारी अय्यांनी मंत्र म्हणत पहिली मूठ टाकायला हात घातला आणि बोट कापलं. त्यांनी काही न बोलता बोट उपरण्यात गुंडाळलं. शेवटी मल्लिनाथनं उसातून चार पाट्या माती आणली.

मी अप्पांच्या जागेपाशी उभी होते. फोनवर खुंटांचे आकडे बघितले. बांधापासून अकरा मीटर. आठ महिन्यांत औषधानं पंधरा मीटर घेतले होते, आणि त्या पंधरा मीटरांत अप्पा होते.

*

संध्याकाळी अव्वा चुलीपाशी बसली होती. शेजारी मयत झालेली म्हणून पलीकडच्या गल्लीतून भाकरी आल्या होत्या, कुणी हात लावला नव्हता.

"माझ्या येळंला बी मशीनच आणणार का गं?" तिनं विचारलं.

"अव्वा, असं नको बोलू."

"मग कसं बोलू? तू सांग. तू शिकलेली हायस." तिनं सांडशी खाली ठेवली. "वांगी जळाली तवा तू म्हणलीस पाण्याचा दोष. मी गप बसले. तुझ्या अप्पाला ठेवताना नागप्पा काय म्हणला, तू काय म्हणलीस, दोन्ही मी ऐकलंय. मी आडाणी हाय, भैरी नाई."

मी भाकरींवरचं फडकं सारखं केलं.

"त्यांला सांगितलं होतंस?"

"नाही."

तिनं निखारे मागं सारले. "बरं केलंस," ती म्हणाली, आणि मग लगेच, "नाई. बरं नाई केलंस. त्यांनी काहीतरी केलं असतं. भांडले असते. तुझ्याशी, नायतर सायबाशी. निस्तं पडून भिताडाला हात लावत बसायचे, मला दिसायचं ते."

"अव्वा, तुला सगळं सांगते. औषधाचं असं झालं, की—"

तिनं हात वर केला. "मला एकटीला सांगू नको. मला सांगून तुझं पोट हलकं हुईल, पुना तू बसनं जाशील. त्यांनी गावाला औषध घ्या म्हणून सांगितलं ते चारचौघांत, मठात. तुला बी काय सांगायचं ते तितंच सांग. उद्या सकाळी सगळे जमणार हायती, त्या खडकाचं इचारायला."

मल्लिनाथ दारात उभा होता. त्यानं ऐकलं असावं. त्याची बायको पमी वर झोपली होती. "अक्का," तो म्हणाला, "आकडे तुझ्याच फोनवर येतात ना? मग एक पावसाळा जाऊ दे. पमीचे दिवस भरत आलेत. घर सोडावं लागलं तर कुठं नेऊ तिला?"

"पावसाळा नाही जाऊ देता येणार, मल्लू."

"का?"

उत्तर मला आठ दिवसांपासून माहीत होतं. संडास बंद करण्याची वेळ निघून गेली होती. खाद्य आता टाक्यांत नव्हतं, घरांखालच्या आणि परसांतल्या भिजलेल्या मातीत साठलं होतं. पावसाचं पाणी आलं की ते सगळं उताराला, बांधाकडे सरकणार होतं. मृगाला तीन आठवडे होते. ती माती त्याआधी उकरून न्यायला हवी होती. घराखालची माती उकरायची तर घर ठेवता येत नाही. सहा कोसांवर एक माळ आहे, त्याची चौकशी मी करून ठेवली होती. मुरूम चांगला आहे, पाया लागतो. पाणी नाही. त्या मुरमात भाजी होत नाही.

हे सगळं अहवालात लिहून झालेलं होतं, सात पानं. सहीची जागा मोकळी होती.

"झोप आता," अव्वा मल्लिनाथला म्हणाली. "पमीला पाणी नेऊन दे वर."

*

मठात सकाळी सातलाच गाव जमलं. पुरुष ओट्याखाली, बायका खांबांच्या मागे. आत्ताचे सरपंच संगशेट्टी औरादे यांनी नागप्पांचा टिकाव समोर ठेवला होता. पुरावा म्हणून असेल.

"धरणाचं पाणी झिरपून असं होतंय म्हणे," कुणीतरी म्हणालं.

"उन्हाचा ताव हाय. यंदाचं ऊन बघा की."

"ऊन काय टिकाव वाकवतंय का रं, येड्या?"

थोडं हसणं झालं. संगशेट्टी माझ्याकडे वळले. "बाई, तुमी मातीतल्या. बोला."

मी उठले. बसूनच सांगावं असं वाटलं होतं, पण अव्वा खांबाला टेकून बघत होती. मी कागद काढले नाहीत.

"तो खडक नाही," मी म्हणाले. "आपण पायाला औषध दिलं, ते आहे. मी सांगितलं होतं ते मरेल. ते मेलं नाही. आपल्या संडासाच्या पाण्यावर ते जगलं, परसातून पट्टीत गेलं. आता बांधापासून अकरा मीटरवर आहे. बांध ओलांडला तर उसाच्या युरियावर वाढेल, आणि मग थांबवता येणार नाही."

कुणी हसलं नाही.

"मला हे भाद्रपदात कळलं. तेव्हा संडास बंद केले असते, नळ्या तोडल्या असत्या, तरी भागलं असतं. मी कुणाला सांगितलं नाही. अप्पांनाही नाही."

"अक्का, खाली बस," मल्लिनाथ हळू आवाजात म्हणाला.

मागून एका बाईचा आवाज आला, "मंग आता बंद करू की! सगळे मिळून करू. डबं घिऊन जाऊ रानात, पैलं जात होतो तसं."

"आता त्यानं होणार नाही, काकू. खाद्य घरांखाली साठलंय. पावसाच्या आत ती माती काढावी लागेल."

"घरं ठिवून काढता येत नाई का?" संगशेट्टींनी विचारलं. हे विचारताना त्यांचा आवाज सरपंचाचा नव्हता.

"नाही."

"काय नाई?" त्यांनी परत विचारलं.

मला पुढचं वाक्य लिहिता आलं होतं. मी पिशवीतल्या कागदांवर हात ठेवला. नागप्पांनी मान खाली घातली होती. मल्लिनाथ उठून दाराकडे चालू लागला आणि मधेच थांबला.

"सांग पुढचं," अव्वा खांबापासून म्हणाली.

"गाव उठवावं लागेल," मी म्हणाले. "मृगाच्या आत. दोनशे बाराच्या दोनशे बारा घरं पाडायची, खालची माती उकरून न्यायची. परत इथं राहायला येता येणार नाही, निदान माझ्या हयातीत नाही. आजपासून सुरुवात करायची, आणि पहिलं घर आमचं पाडायचं."